ब्रेडबोर्ड ॲडाप्टर

ब्रेडबोर्ड ॲडाप्टर म्हणजे ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जुळवून पाहायच्या भोकांच्या पाटीच्या) भोकांत थेट न बसणारी आयसी (चिप), सेन्सर किंवा कनेक्टर त्यावर वापरता यावा म्हणून मध्ये घातलेली छोटी पीसीबी, म्हणजे छापील सर्किटची पट्टी. बाजारात तिला ‘कन्व्हर्टर बोर्ड’, ‘एसएमडी टू डिप’ किंवा ‘ब्रेकआउट’ म्हणतात (एसएमडी म्हणजे पीसीबीच्या पृष्ठावरच सोल्डर करायचा भाग, डिप म्हणजे भोकांत जाणारे दोन रांगांतले पाय असलेली आयसी). नुसते ‘ॲडाप्टर’ मागितल्यास दुकानदार भिंतीत खोचायचा वीजपुरवठा काढून देण्याची शक्यता जास्त, म्हणून पूर्ण नाव सांगावे.

सारा प्रश्न मापांचा आहे. ब्रेडबोर्डच्या दोन भोकांमध्ये २.५४ मिमी अंतर असते आणि मधल्या खोबणीच्या अलीकडच्या व पलीकडच्या ओळींमध्ये ७.६२ मिमी. ही मापे जुन्या डिप आयसीची. आज अनेक नव्या आयसी डिपमध्ये निघतच नाहीत. एसओआयसी या एसएमडी वेष्टनाच्या पायांतले अंतर १.२७ मिमी असते, टीएसएसओपी या त्याहून बारीक वेष्टनाचे ०.६५, तर एसओटी-२३ या ट्रान्झिस्टरच्या तीन पायांच्या वेष्टनाचे ०.९५.

मुंबईत हे सामान हातात घेऊन, पाहून घेण्याची जागा म्हणजे लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडून तिथे चालत जाता येते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. दुकानात ‘आठ पायांचा एसओपी’ (एसओआयसीसारखी चपटी आयसी) एवढे सांगून भागत नाही. पायांची संख्या, पायांतले अंतर आणि आयसीच्या अंगाची रुंदी ही तिन्ही मापे लागतात. नेहमीची आठ पायांची एसओआयसी ३.९ मिमी रुंद असते, पण त्याच १.२७ मिमी अंतराच्या कित्येक फ्लॅश मेमरी ५.३ मिमी रुंद येतात. ॲडाप्टरचे पॅड (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा) आखूड असतील तर अशा आयसीचे पाय पॅडच्या बाहेर लोंबतात. शक्यतो आयसी सोबत न्यावी आणि काउंटरवरच ॲडाप्टरवर ठेवून पाहावी.

स्वस्त ॲडाप्टर दोन्ही बाजूंनी छापलेले असतात: एका बाजूला १.२७ मिमी अंतराचे पॅड, दुसऱ्या बाजूला ०.६५ मिमी अंतराचे. भोके मात्र तीच. त्यामुळे वरून पाहताना जे भोक १ क्रमांकाचे, तेच पट्टी उलटल्यावर आठ पायांच्या आयसीसाठी ८ क्रमांकाचे होते. आयसी नेहमी वरच्या बाजूला राहील अशाच रीतीने पिना लावाव्यात. आयसी खाली गेली की सगळे क्रमांक आरशातल्यासारखे उलटतात, आणि पहिल्याच जोडणीत वीज व ग्राउंड चुकीच्या पायांवर जाऊन आयसी जळू शकते.

पिनांसाठी बर्ग स्ट्रिप (प्लॅस्टिकमध्ये एका रांगेत बसवलेल्या पिना) घेतात. तिची पिन ०.६४ मिमी चौरस, म्हणजे डिप आयसीच्या पायापेक्षा जाड असते. सतत खुपसल्याने ब्रेडबोर्डच्या आतल्या धातूच्या पट्ट्या फाकतात आणि नंतर त्या भोकांत रेझिस्टरची बारीक तार ढिली बसते. चांगल्या ब्रेडबोर्डसाठी गोल, खरादलेल्या पिनांची स्ट्रिप घेणे योग्य.

जोडताना आधी आयसी, मग पिना. उलट केल्यास पिनांमुळे सोल्डरिंग गनचे टोक आडवे धरता येत नाही. एका कोपऱ्याच्या पॅडवर थोडे सोल्डर घ्यावे, आयसी चिमट्याने धरून तो पाय टेकवावा, मग समोरच्या कोपऱ्यातला पाय पॅडवर नीट बसला आहे का हे भिंगातून पाहावे. जुळले असेल तरच तो पाय पक्का करावा. नंतर दोन्ही रांगांवर रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी राळ) लावून ३२०–३५० °से. तापमानाचे टोक पायांवरून ओढत न्यावे. शेजारचे पाय सोल्डरने एकमेकांना चिकटले तर डिसोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या फितीने) सोल्डर शोषून घ्यावे. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) १८३ °से.ला थेट वितळते, म्हणून ते सोपे जाते. पत्र्याच्या कामासाठी मिळणारी आम्लयुक्त पेस्ट इथे वापरू नये, ती तांबे खाते. मल्टिमीटरने तपासताना प्रोब पायावर दाबू नये: सुटलेला पाय दाबाने पॅडला टेकतो आणि सांधा चांगला असल्याचा भास होतो. प्रोब आयसीच्या अंगाजवळ, पायाच्या वरच्या टोकाला अलगद टेकवावा.

ॲडाप्टरची पट्टी घरी बनवायची तर एसओआयसीपर्यंतच हात घालावा. पॅड ०.६ मिमी रुंद धरला तरी दोन पॅडमध्ये ०.६७ मिमी मोकळे राहतात आणि टोनर पद्धतीने (लेझर प्रिंटरची छपाई उष्णतेने तांब्यावर उतरवून) ते निभते. टीएसएसओपीत जेमतेम पाव मिलिमीटर उरतो; ते काम पीसीबी कारखान्याकडे द्यावे. १०० × १०० मिमीच्या पीसीबीवर १२ × १४ मिमीचे ५६ ॲडाप्टर बसतात. घरच्या पद्धतीत आराखडा कागदावर आरशातला छापावा लागतो, कारण तो तांब्यावर उपडा पडतो. हे विसरल्यास पट्टी फुकट जाते. नको असलेले तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड प्लॅस्टिकच्या ट्रेमध्येच घ्यावे, पाण्यात थोडे थोडे टाकावे (मिसळताना ते तापते) आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये, त्यात विरघळलेले तांबे असते. बर्ग पिनेचा कर्ण ०.९ मिमी भरतो, म्हणून भोक १ मिमीचे पाडावे, ०.८ चालत नाही.

तयार मॉड्यूलमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. यूएसबी-सी ब्रेकआउटवर सीसी१ आणि सीसी२ या (चार्जरला जोडणी कळवणाऱ्या) दोन्ही पायांपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा वेगवेगळा रेझिस्टर हवा. तो नसेल तर दोन्हीकडे सी टोक असलेल्या केबलवर चार्जर वीज देतच नाही. दुसरी गोष्ट बोर्डाची रुंदी. पिनांच्या रांगांत २५.४ मिमी अंतर असलेला बोर्ड लावला की एका बाजूला भोकांची एकच रांग उरते, दुसऱ्या बाजूला एकही नाही. मग दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवून मध्ये बसवावा लागतो.

ॲडाप्टरमुळे पाय बसतात, पण विजेची वाट लांबते. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ब्रेडबोर्डवर दूर न लावता ॲडाप्टरवरच, आयसीच्या वीज आणि ग्राउंडच्या पायांमध्ये सोल्डर करावा. वेगवान स्विचिंग रेग्युलेटर (वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणाऱ्या आयसी) तरीही नीट चालत नाहीत. त्यांना ब्रेडबोर्डवर आणूच नये.

जून ते सप्टेंबर मुंबईची दमट हवा वेगळा त्रास देते. न पुसलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि मेगाओहमइतका मोठा रोध असलेल्या सर्किटमध्ये विजेची गळती दिसू लागते, म्हणून सोल्डर झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पट्टी साफ करावी. कोरे ॲडाप्टर सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पॅड काळवंडले असतील तर खोडरबराने घासून मगच फ्लक्स लावावा.