नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे

यवतमाळ-वर्ध्याकडील आठवडी बाजारांत एक समजूत वर्षानुवर्षे ऐकू येते की, जुनी व्हॅन मुद्रांकावर लिहून घेतली आणि नोटरीचा शिक्का बसला, की ती आपली झाली. मग तिच्यात राहण्यासाठी पलंग टाका की स्वयंपाकाचा ओटा बांधा, विचारणारा कोणी नाही. या दोन्ही गोष्टी चूक आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ज्याच्या नावावर नोंदणी, तोच सर्वसाधारणपणे मालक. शिवाय नोंद बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले असल्याने तो कागद विकणाऱ्यालाही वाचवत नाही. नोंद बदलण्यासाठी नमुना २९ व ३० हे मालकी हस्तांतराचे अर्ज भरावे लागतात.

आतील बदलांचे प्रकरण अधिक किचकट आहे. याच अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल परस्पर करता येत नाही, म्हणून आसने काढून पलंग बसवणे हे निव्वळ सुतारकाम उरत नाही. (वैशाखातल्या उन्हात बंद पत्र्याच्या गाडीत गॅस सिलिंडर ठेवण्याची हौस तर वेगळीच.) इसार देण्यापूर्वीच नियोजित बदलांचा आराखडा परिवहन कार्यालयात दाखवून घ्यावा.