जीवाणूनाशक पेप्टाइड आणि नॅनोकण: अडचण पोहोचवण्याचीच होती

पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोहोचायचे होते, तेव्हा म्हणजे 1939 साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रने द्युबो यांनी मातीतल्या एका जीवाणूपासून ग्रॅमिसिडिन मिळवले. ते पेप्टाइड होते, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. जीवाणू त्याने मरत, पण रक्तात गेले की तांबड्या पेशीही फुटत. त्यामुळे त्याचा वापर जखमा आणि त्वचेपुरताच राहिला. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास त्या एका मर्यादेभोवती फिरतो, असे मला वाटते.

नंतर स्वस्त आणि पोटातून घेता येणारी प्रतिजैविके आली आणि पेप्टाइडांकडे बराच काळ फारसे कोणी वळले नाही. 1981 मध्ये स्वीडनच्या हान्स बोमान यांच्या गटाने सिक्रोपिया पतंगाच्या कोषातून सिक्रोपिन वेगळे केले. प्रतिपिंडे नसलेला कीटक जीवाणूंशी कसा लढतो, याचे ते उत्तर होते. 1987 मध्ये अमेरिकेत मायकेल झासलॉफ यांना बेडकाच्या त्वचेत मॅगेनिन सापडले. शस्त्रक्रिया केलेले बेडूक अस्वच्छ पाण्यात सोडूनही त्यांच्या जखमा चिघळत नाहीत, हे त्यांनी टिपले होते. अशी निरीक्षणे अनेकांच्या डोळ्यांसमोरून जातात. थांबून कारण शोधणारे थोडे. दरम्यान माणसाच्या पांढऱ्या पेशींतही डिफेन्सिन नावाची अशीच पेप्टाइडे आढळली होती.

ही पेप्टाइडे बहुधा धनभारित असतात. जीवाणूच्या पटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, बाहेरचा थर ऋणभारित असतो, आपल्या पेशींचा जवळपास उदासीन. म्हणून पेप्टाइड जीवाणूला चिकटते, पटलात घुसते आणि त्याला भोके पाडते. आपले अख्खे पटल बदलणे जीवाणूला जड जाते, त्यामुळे प्रतिकारशक्ती सावकाश येईल ही आशा होती. तीही निर्धोक नाही. कोलिस्टिन हे असेच एक जुने पेप्टाइड औषध. त्याला दाद न देण्याची क्षमता एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे जनुक 2015 मध्ये चीनमधून नोंदवले गेले.

काचेच्या बशीत प्रभावी ठरलेली पेप्टाइडे शरीरात मात्र अडखळली. पाचकरसातली आणि रक्तातली विकरे (एन्झाइम) साखळी तोडतात, क्षारांमुळे आकर्षण क्षीण होते, मूत्रपिंडे लहान रेणू झटपट बाहेर टाकतात आणि मात्रा वाढवली तर आपल्याच पेशींना इजा होते. मॅगेनिनवर आधारलेले पेक्सिगॅनन हे मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरचे मलम होते. 1999 मध्ये अमेरिकी नियामकांनी त्याला मंजुरी नाकारली.

यावरचा उपाय दुसऱ्याच वाटेने येत होता. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखवले की फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या पटलातले मेद, पाण्यात आपोआप पोकळ गोळ्या बनवतात. हेच लायपोसोम. त्यांत औषध भरण्याची कल्पना पुढच्या दशकात रुजली. माझ्या मते या क्षेत्राचा खरा पूर्वज ॲम्फोटेरिसिन-बी आहे. ते पेप्टाइड नाही, बुरशीवरचे औषध आहे. पण तेही पटलालाच भोके पाडते आणि मूत्रपिंडांना त्रास देते. 1990च्या दशकात ते लायपोसोममध्ये बसवून वापरात आले आणि मूत्रपिंडांची हानी बरीच घटली. रेणू तोच राहिला, बदलले ते त्याला नेणारे वाहन. 2018 मध्ये फुप्फुसांच्या एका चिवट संसर्गासाठी श्वासावाटे घ्यायचे लायपोसोमयुक्त ॲमिकासिन हे प्रतिजैविकही अमेरिकेत मंजूर झाले.

पेप्टाइडांसाठी आता वाहन म्हणून नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तपासले जात आहेत: मेदाचे, पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे), कवचधारी प्राण्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनचे, सच्छिद्र सिलिकाचे, सोन्याचे. कणाच्या आत पेप्टाइड विकरांपासून वाचते, हळूहळू सुटते आणि बायोफिल्म म्हणजे जीवाणू ज्यात दडतात त्या चिकट थरातही शिरू शकते. बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे. धनभारित पेप्टाइड ऋणभारित कणाला इतके घट्ट धरून बसू शकते की संसर्गाच्या जागी पोहोचूनही सुटत नाही; बंध सैल ठेवला तर वाटेतच गळते. म्हणून संसर्गाच्या जागची आम्लता किंवा जीवाणूंची स्वतःची विकरे यांमुळेच उघडतील असे कण घडवण्यावर सध्या बराच भर आहे.