फोडलेला बांध आणि न्याय्य युद्ध

भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक सोलापूरकरांना सांगायला नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीन-जपान युद्धातल्या जखमींवर उपचार करायला सप्टेंबर १९३८मध्ये चीनला निघाले, तेव्हा त्या युद्धात न्याय कुणाच्या बाजूने आहे याबद्दल आपल्याकडे फारशी शंका नव्हती. चढाई जपानने केली होती आणि नानजिंगची कत्तल होऊन वर्षही उलटलं नव्हतं. त्याच युद्धातली दुसरी एक गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच निघते.

जून १९३८. जपानी फौज झेंगझोऊ शहराकडे सरकत होती. तिला अडवायला चीनचा तेव्हाचा नेता च्यांग काय-शेक याच्या सैन्याने ह्वायुआनखौ इथे पीत नदीचा बांध स्वतःच फोडला. ही नदी अफाट गाळ आणते. शतकानुशतकं तो तळाशी साचला, लोक बांध उंच करत गेले आणि शेवटी पात्रच आजूबाजूच्या शिवारापेक्षा वर जाऊन बसलं. अशा नदीला भगदाड पडलं की बाहेर गेलेलं पाणी माघारी येत नाही, मैदानभर पसरत जातं. नदीने वाटच बदलली; तिला जुन्या पात्रात आणायला १९४७ उजाडलं. उजनीतून भीमेत पाणी सोडताना पंढरपूरपर्यंत सावधानतेचा इशारा जातो. तिथे बहुतेक गावांना पत्ताच नव्हता. पुरात आणि मागून आलेल्या उपासमारीत, रोगराईत लाखो चिनी माणसं मेली. सरकारने खापर जपानी बॉम्बवर फोडलं.

मग चीनचा लढाच अन्यायाचा ठरतो का? मला तसं वाटत नाही. युद्धनीतीचे अभ्यासक दोन प्रश्न वेगळे ठेवतात: युद्ध कशासाठी, आणि ते लढलं कसं. बांध फोडला म्हणून चीनचा स्वसंरक्षणाचा हक्क जात नाही, पण त्या हक्काच्या नावावर बुडालेली गावंही माफ होत नाहीत. एखाद्या शिपायाचा गुन्हा आणि वरून ठरलेलं धोरण यांत मात्र फरक करायला हवा. ज्यांना वाचवायचं म्हणून युद्ध पुकारलं, त्यांनाच मारणं हे धोरण झालं, तर ‘कशासाठी’चं उत्तरच खोटं पडतं. बांधाचं प्रकरण या रेषेच्या अगदी जवळ जातं, असं माझं मत.

माणसाच्या मनात हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत, हे आता तपासूनही झालं आहे. स्कॉट सेगन आणि बेंजामिन व्हॅलेंटिनो या राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकन नागरिकांची पाहणी करून २०१९मध्ये निष्कर्ष मांडले. सैनिकाची बाजू न्याय्य असेल, तर त्याच्या हातून झालेल्या हत्याकांडाकडेही लोक सौम्यपणे पाहतात. ‘आपली’ बाजू म्हटली की डोळ्यांवर कातडं ओढणं सोपं जातं. त्यात अमेरिकनच कशाला हवेत?

ज्यांच्या गावात युद्ध चालतं त्यांचं काय? अफगाणिस्तानातल्या पाच पश्तूनबहुल प्रांतांत २०४ गावांतल्या २,७५४ पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. तिथे ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ असं थेट विचारणं म्हणजे माणसाला संकटात टाकणं. म्हणून तुरुंग सुधारणेसारख्या योजनांवर मत विचारलं. काहींना नुसती योजना सांगितली, काहींना तिला परदेशी फौजेचा पाठिंबा असल्याचं सांगितलं, काहींना तालिबानचा. उत्तरांतल्या फरकावरून कल कळला. परदेशी फौजेकडून इजा झाली की तिचा पाठिंबा घटत होता आणि तालिबानचा वाढत होता. तालिबानने इजा केली, तर मात्र परदेशी फौजेच्या पदरात काहीच पडत नव्हतं. बाहेरून आलेल्या सैन्याच्या युद्धाचं कारण कितीही चांगलं असो, गावकऱ्यांच्या लेखी त्याच्या चुकीची किंमत जास्त.

गैरवर्तन अटळ असतं, हा युक्तिवादही पुरता टिकत नाही. इराकमधल्या एका अमेरिकन ब्रिगेडमध्ये अधिकाऱ्यांनी आपल्या तुकड्यांना रणांगणातल्या नीतीचं प्रशिक्षण दिलं. २०११मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले. लढाईची झळ जितकी जास्त बसलेली, तितकं गैरवर्तन जास्त आढळलं. पण प्रशिक्षणानंतर त्याचं प्रमाण उतरलं, आणि साथीदाराने केलेला प्रकार वरिष्ठांना कळवायची सैनिकांची तयारी वाढली.