सर्वाधिक गर्दी इंग्लंडमध्ये? नाही, बहुतेकदा जर्मनीत

युरोपात फुटबॉलला सगळ्यात जास्त गर्दी इंग्लंडच्या प्रीमियर लीगला होते, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं ठामपणे सांगितलं जातं. ते बहुतेकदा खरं नसतं. टीव्हीवर जगभर सर्वाधिक पाहिली जाते ती प्रीमियर लीग. पण मैदानात प्रत्यक्ष येणाऱ्यांची सरासरी काढली, तर जर्मनीची सर्वोच्च लीग बुंडेसलिगा बहुतेक वर्षं पुढे राहिली आहे.

यामागचं मोठं कारण उभं राहून सामना पाहायच्या जागा. 1989मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीत 97 जीव गेले आणि इंग्लंडने वरच्या श्रेणीतल्या मैदानांत सक्तीने खुर्च्या बसवल्या. त्या दुःखानंतर ते समजण्यासारखंच होतं. जर्मनीने मात्र उभ्याच्या जागा राखल्या. डॉर्टमुंड क्लबच्या मैदानातला दक्षिणेकडचा स्टँड पाहा: एकाच चढणीवर सुमारे 25,000 माणसं, खांद्याला खांदा लावून, पिवळे मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलेली. लोक त्याला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. एका खुर्चीच्या जागेत जवळपास दोन माणसं मावतात, तिकीटही स्वस्त राहतं. शिवाय बऱ्याच क्लबांच्या तिकिटावर त्या दिवसाचा बस-ट्रामचा प्रवास फुकट असतो. बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांच्या हाती असल्याने दर वाढवताना त्यांचा विचार करावाच लागतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

इंग्लंडची मैदानं ओस असतात असं मात्र नाही. ती जवळपास पूर्ण भरतात, फक्त त्यातली बरीचशी लहान आहेत.