प्राण्यांची लाळ आणि व्रणरोपण

व्रणरोपण म्हणजे जखम भरून येणे. जखम चाटताना प्राण्याच्या लाळेचा जखमेवर होणारा परिणाम, तसेच त्या आधारे माणसाच्या जखमेला प्राण्याची लाळ लागू देण्याची प्रथा.

प्रथेचे जुने उल्लेख ग्रीसमध्ये सापडतात. एपिडॉरस येथील अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या मंदिरातील शिलालेखांत (साधारणपणे इ.स.पू. चौथे शतक) देवळातील कुत्र्याने चाटल्यामुळे मानेवरची गाठ गेली, सापाच्या जिभेने पायाच्या बोटाचा व्रण भरला, असे दाखले आहेत. देवळाची कीर्ती वाढवणारा हा मजकूर आहे, हे लक्षात घेऊनच तो वाचावा लागतो. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानातही लाजर या भिकाऱ्याचे फोड कुत्री चाटतात. तो प्रसंग उपचाराचा की दैन्याचा, याविषयी मतभेद असले तरी संदर्भ पाहता दुसरे मत अधिक पटते.

आधुनिक संशोधनाची सुरुवात उंदरापासून झाली. स्टॅनली कोहेन यांनी नराच्या जबड्याखालील लालाग्रंथीतून तंत्रिका-वृद्धी घटक (मज्जापेशींची वाढ करणारे प्रथिन) आणि पुढे १९६२ मध्ये अधित्वचा-वृद्धी घटक (त्वचेच्या वरच्या थराची वाढ करणारे प्रथिन) वेगळा केला. या कामासाठी त्यांना व रीता लेवी-मोंतालचिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एकत्र ठेवलेल्या उंदरांच्या लालाग्रंथी काढल्यावर जखम आकसण्याचा वेग मंदावलेला दिसला. लाळेत औषध असते, या विधानाला बहुधा याच प्रयोगाचा आधार दिला जातो. मात्र या ग्रंथींतील वृद्धी घटकांचे प्रमाण उंदराच्या नरात असाधारण असते. तेवढ्यावरून कुत्रा किंवा गाय यांच्या लाळेविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. मानवी लाळेतील हिस्टॅटिन ही प्रथिने प्रयोगशाळेत पेशींचे थर लवकर सांधतात, असे २००८ मध्ये दाखवले गेले. ती मानवात व उच्च श्रेणीच्या वानरांतच आढळतात.

कुत्र्याच्या लाळेची थेट तपासणी १९९० मध्ये हार्ट व पॉवेल यांनी केली. एश्चेरिकिया कोलाय व स्ट्रेप्टोकॉकस कॅनिस या जंतूंवर ती मारक ठरली, पण जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर तिचा उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. चाटण्याचा मुख्य लाभ घाण, पू व मृत ऊती निघून जाण्याचा असावा, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. अतिरेक झाला तर तेही उलटते. सतत चाटून पायावर जुनाट व्रण होतात, म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्य गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर घालतात.

ठाणे व नवी मुंबईत पावसाळ्यात भटक्या कुत्र्यांच्या जखमांत किडे पडणे नेहमीचे आहे. मान, डोके, कानाचे मूळ या जीभ न पोहोचणाऱ्या जागी ते विशेष दिसतात. पंज्यावरची तशीच जखम पुष्कळदा आपोआप भरते. यांत्रिक सफाईच्या मताला हा अनुभव पूरक आहे. कुत्र्याला चाटू दिले की माणसाची जखम सुकते, ही समजूत घरोघरी ऐकू येते. कुत्रा पाळीव असेल तर ती अधिकच बिनधास्तपणे पाळली जाते.

धोका मात्र निर्विवाद आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अखंड त्वचेवर चाटणे पहिल्या, तर फाटलेल्या त्वचेवर चाटणे थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात येते. अशा वेळी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) घ्यावे लागते. दात लागला नसला तरी हा नियम बदलत नाही. पाश्चुरेला तसेच कॅप्नोसायटोफेगा कॅनिमॉर्सस हे जंतू निरोगी कुत्र्या-मांजरांच्या तोंडातही राहतात. प्लीहा काढलेल्या व्यक्तींत यांपैकी दुसरा जीवघेणा ठरू शकतो.

जळवेचे प्रकरण वेगळे. सुश्रुतसंहितेच्या (काळाबाबत एकमत नाही) सूत्रस्थानात जळवांचे बारा प्रकार, सहा सविष व सहा निर्विष, सांगितले आहेत. जळवेच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही. तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर साचलेले रक्त काढण्यासाठी जळवा वापरतात. अमेरिकेत २००४ मध्ये त्यांना रीतसर मान्यता मिळाली. जळवेच्या आतड्यातील एरोमोनास जंतूमुळे सोबत प्रतिजैविक द्यावे लागते.