शब्दांच्या वहीत मराठी अर्थ आधी का लिहायचा नाही
आमच्या इंग्रजी वर्गाचे पालक आणि मोठे विद्यार्थी यांच्यासाठी

"सर, पोराची वही बघितली. महिना झाला, एका बी शब्दापुढं मराठी अर्थ नाही की ओ!"

जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली की ही तक्रार बेळगावच्या शहापूर, वडगावातून येते, खानापूरहून फोनवर येते. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून उत्तर देण्यापेक्षा एकदा छापून द्यावं म्हणून हे पत्रक. वहीबरोबर प्रत्येकाला मिळेल. मुलांच्या दप्तरात ठेवू नका, तिथून ते परत बाहेर येत नाही.

वही कशी भरायची हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. डावीकडे शब्द, त्यापुढे सोप्या इंग्रजीत व्याख्या, खाली डिक्शनरीतलं एक वाक्य आणि त्याखाली स्वतःचं एक वाक्य. उजव्या कडेला जी अरुंद पट्टी कोरी सोडली आहे ती मराठीसाठीच आहे. तेव्हा 'सरांच्या वर्गात मराठीला बंदी आहे' असं कृपया कुणी पसरवू नये. पट्टी भरायची आहेच, पण सगळ्यात शेवटी, स्वतःचं वाक्य आमच्याकडून तपासून घेतल्यानंतर.

घोळ होतो तो या क्रमात. मूल घरी वही उघडून बसतं. शेजारी आई नाहीतर कॉलेजातली आक्का असते. ती मदत म्हणून पेन्सिलीनं पट्टी भरून टाकते. काही घरांत तर फोनला विचारून जेवायच्या आधी पानंच्या पानं अर्थ उतरवले जातात. वही भरलेली दिसते, घरच्यांना समाधान वाटतं. पण तेच मूल वर्गात आल्यावर व्याख्येकडं ढुंकून बघत नाही, कारण अर्थ तर मिळालेला असतो. मग ते मराठी शब्द मनात धरून मराठीच्या साच्यात इंग्रजी वाक्य बसवतं. ते वाक्य खोडायचं, का खोडलं ते समजवायचं, परत लिहून घ्यायचं, यात तपासणीचा निम्मा वेळ जातो. त्या वेळेचे पैसे तुम्हीच भरलेले असतात.

एक शब्द नीट बघू या. 'अफोर्ड'. फोन सांगतो, 'परवडणे'. चूक काहीच नाही. पण मराठीत परवडते ती वस्तू, आणि परवडते ती माणसाला. 'ही गाडी मला परवडत नाही.' त्यामुळे ज्याची पट्टी आधी भरलेली असते त्याच्या वहीत हमखास हे वाक्य सापडतं: 'धिस बाइक डझ नॉट अफोर्ड मी.' म्हणजे बाइकच हिशेबाला बसली आहे, हा पोरगा आपल्याला झेपतो का म्हणून!

आता वर्गात आम्ही जी व्याख्या देतो ती वाचा: 'इफ यू कॅन अफोर्ड समथिंग, यू हॅव द मनी टु बाय इट.' यात अफोर्ड करणारा कोण? 'यू', म्हणजे माणूस. वस्तू मागून येते. आणखी एक गोष्ट दिसते. शब्दाच्या आधी 'कॅन' आहे. डिक्शनरीत या शब्दाखाली दिलेली वाक्यं वाचा, बहुतेक ठिकाणी 'कॅन', 'कॅनॉट' किंवा 'कुड' सोबत असतंच. 'आय अफोर्ड अ बाइक' असं सहसा कुणी म्हणत नाही. हे 'परवडणे' या एका शब्दातून कुठून कळणार? व्याख्या आणि उदाहरण वाचलेल्या वडगावच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'वुई कॅनॉट अफोर्ड अ सेकंड लूम धिस इयर.' तिला व्याकरणाचा एकही नियम सांगावा लागला नव्हता.

याच जातीच्या इतर चुका तुम्ही घरीही ऐकत असाल. आपण पंखा बंद करतो आणि दारही बंद करतो, म्हणून 'क्लोज द फॅन'. आपण माणसावर हसतो, म्हणून 'लाफ ऑन मी'. उसने देणे आणि उसने घेणे यात आपल्याकडं 'उसने' सारखंच, म्हणून 'लेंड' आणि 'बॉरो' यांची कायमची अदलाबदल. 'डिस्कस'च्या पुढं 'अबाउट' तर इतकं रुळलंय की मोठमोठ्या ऑफिसांच्या पत्रांतसुद्धा दिसतं.

काही पालक म्हणतात, मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीतून इंग्रजी कसं झेपणार? आपल्या भागात हा प्रश्न पडू नये खरं तर. इथल्या घरोघरी मराठी बोलणारी पोरं बसमध्ये, बाजारात, ऑफिसांत कन्नड बोलतात. जेवणाच्या पंगतीत वाढपी परत भात घालायला आला की शेजारचा हात आडवा करून 'साकु' म्हणतो. ते दोनदा बघितलं की पोराला 'साकु' आलं. कुठं वापरायचं, कुठल्या सुरात म्हणायचं, सगळ्यासकट. वहीत 'साकु म्हणजे पुरे' असं लिहून पाठ केलेला सीमाभागातला माणूस मी तरी बघितलेला नाही. इंग्रजी आपल्या पंगतीत बोलत नाहीत, म्हणून तो प्रसंग उदाहरणाच्या वाक्यातून उभा करावा लागतो. एवढाच फरक.

ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्याला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं यावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांनी आणि त्यांचे सहलेखक एंडिकॉट यांनी १९३५ साली शिकणाऱ्यांसाठी जी डिक्शनरी काढली तिच्यातल्या सगळ्या व्याख्या १,४९० शब्दांत बसवल्या होत्या. म्हणजे तेवढे शब्द आले की बाकीची डिक्शनरी वाचता येते. पुढं १९७८ साली लाँगमन या प्रकाशनसंस्थेच्या डिक्शनरीनं सुमारे २,००० शब्दांत हेच केलं. १९८७ साली कोबिल्ड नावाच्या डिक्शनरीनं व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. वर 'अफोर्ड'ची व्याख्या दिली आहे ती त्याच धर्तीची. आठवीतल्या मुलाला हे दीड-दोन हजार मूळ शब्द बऱ्यापैकी येत असले तरी गाडी सुरू होते, बाकीचे वाटेत येतात.

म्हणून डिक्शनरी घेताना पाठीमागं 'लर्नर्स' असं छापलंय का ते बघा. जाडजूड, मोठ्या माणसांची इंग्रजी डिक्शनरी आणू नका. तिच्यात एका अवघड शब्दाचा अर्थ चार अवघड शब्दांत असतो आणि मूल दुसऱ्या दिवशी ती कपाटावर टाकतं. जुनी, वापरलेली प्रत चालते. आम्ही डिक्शनरी विकत नाही, त्यामुळं हा सल्ला फुकटचा आणि निर्मळ समजा.

आता मराठी अर्थ कुठं थेट चालतो तेही सांगतो, नाहीतर आम्ही हट्टी ठरू. 'जॅकफ्रूट' म्हणजे फणस. त्याची इंग्रजी व्याख्या वाचत बसणं म्हणजे वेळ घालवणं. झाडं, भाज्या, पक्षी, अवजारं, नातीगोती यांची पट्टी खुशाल आधी भरा. शास्त्राच्या संज्ञांचंही तसंच. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण. हे मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला आधीच पक्कं माहीत असतं. तो त्याच्या जमेचा पैसा आहे, खर्चाचा नव्हे. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठीतून शिकून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलेली मुलं पहिल्या महिन्यात घाबरतात ती या संज्ञांना नव्हे. त्यांना अडवतात ते 'टेंड', 'व्हेअरॲज', 'प्रोव्हायडेड दॅट' असले मधले शब्द. ते कुठल्याच विषयाच्या शब्दार्थांत नसतात आणि सगळ्या विषयांच्या पुस्तकांत असतात. अशा शब्दांना मात्र आम्ही पट्टी शेवटपर्यंत उघडू देत नाही.

स्वतःच्या वाक्याबद्दल. फोनकडून वाक्य घेऊ नका. आम्हाला लगेच कळतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य न दिसणाऱ्या खानापूरच्या मुलाच्या वहीत आजीचं घर बर्फानं झाकलेलं असतं, तेव्हा कळण्यासारखं काय उरतं? वाक्य घरातलं, शेतातलं, उद्यमबागच्या कारखान्यातलं असू दे. चुकलं तरी चालेल, चुकलेलं वाक्य दुरुस्त करण्यासाठीच आम्ही बसलोय.

वाक्य चांगलं झालं की नाही हे घरच्या घरी बघता येतं. नवा शब्द बोटानं झाका आणि दुसऱ्या कुणालातरी विचारा, इथं काय असेल? 'माय ब्रदर इज रिलक्टंट' यात बोटाखाली उंच, आजारी, हुशार, काहीही बसतं. हे वाक्य परत येईल. 'माय ब्रदर वॉज रिलक्टंट टु लेंड मी हिज बाइक बिकॉज आय हॅड स्क्रॅच्ड इट लास्ट वीक.' इथं शब्द झाकला तरी भावाचा चेहरा दिसतो. शिवाय 'रिलक्टंट'च्या पुढं 'टु' येतो हेही हातात बसलं. मोठं वाक्य हवं म्हणून नव्हे, कारण सांगणारं हवं म्हणून 'बिकॉज' वापरायला आम्ही सुरुवातीला सक्ती करतो.

दुसरी तक्रार शब्दांच्या संख्येची. शेजारच्या क्लासात दिवसाला वीस शब्द देतात, तुम्ही पाचच का? पाठ केलेलं किती वेगानं उडून जातं हे जर्मनीच्या हर्मान एबिंगहाऊसनं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडलं. सगळ्यात जास्त गळती सुरुवातीच्या काही तासांत आणि पुढच्या एक-दोन दिवसांत होते. मधे अंतर सोडून परत परत बघितलं तरच ते टिकतं. वहीत प्रत्येक शब्दाच्या कोपऱ्यात चार बारके चौकोन आहेत ते यासाठी: दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं आणि सहामाहीला. त्या दिवशी व्याख्या वाचून शब्द आठवला तरच तारीख घालायची. रोज वीस शब्द घेतले तर या चौकोनांचं काम इतकं साचतं की मूल चौथ्या दिवशी खोट्या तारखा घालायला लागतं. पाचात ते निभतं.

तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी घरी करण्यासारखं एक काम आहे, आणि ते पट्टी भरण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. रात्री जेवणं झाली की मुलाला डावीकडचा शब्द हातानं झाकायला लावा, व्याख्या मोठ्यानं वाचायला लावा आणि शब्द सांगायला लावा. अडखळला की तुम्हाला कळेलच, त्याला भाषा यावी लागत नाही. एका मावशींनी नातवाकडून असं रोज वाचून घेतलं. आता त्या स्वतः रविवारच्या बॅचला येऊन बसतात, फी आम्ही घेत नाही.

वही आमच्याकडं ८० रुपयांना मिळते, २०० पानी, शिलाईची. साध्या वहीत पट्ट्या आखून आणल्या तरी आमची हरकत नाही. फक्त चार चौकोन रोज हातानं आखायचा कंटाळा येतो आणि मग ते राहूनच जातात, हा अनुभव आहे. वर्गात नसलेल्यांनाही वही मिळेल. शनिवारी संध्याकाळी वही आणून दिली तर आठवड्याची वाक्यं तपासून सोमवारी परत देतो. त्याचे महिन्याला १५० रुपये, वर्गातल्यांना वेगळे नाहीत. कामावर जाणाऱ्यांची बॅच रविवारी सकाळी असते. उद्यमबागेतली बरीच मंडळी येतात, त्यांच्या वहीत ड्रॉइंग आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवरचे शब्द वेगळ्या पानांवर घेतले जातात.

ज्यांच्या घरी पट्टी आधीच भरून झाली आहे त्यांनी खोडरबर घेऊन बसू नये, पान फाटतं. त्या मापाच्या कोऱ्या चिकटपट्ट्या टेबलावरच्या डब्यात ठेवल्या आहेत. लागतील तेवढ्या न्या, अर्थावर चिकटवा आणि मुलाला व्याख्येपासून परत सुरू करू द्या. त्याचे पैसे नाहीत.