कोकणात व्हेज ग्रुपचे हाल होतात? अजिबात नाही

सोसायटीची नाहीतर ऑफिसची ट्रिप ठरायला लागली की एक वाक्य हमखास येतं, कोकण नको, तिथे माशांशिवाय काही मिळत नाही, शाकाहारी लोक उपाशी राहतील. वर्षानुवर्षं हे चाललंय आणि ते साफ चुकीचं आहे. अहो, कोकणातल्या घरांतच सोमवार, संकष्टी, श्रावण पाळणारे ढिगाने आहेत, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी तर सरकारी नियमानेच बंद असते.

दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे इथल्या घरगुती खानावळीत जाऊन बघा, डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, कुळथाची पिठी, सांगितलंत तर उकडीचे मोदक. मालवणकडे उतरलात तर आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घातलेलं. आणि मार्च-एप्रिलात ओल्या काजूगरांची उसळ! ती महाग म्हणून प्लीज कुरकुर करू नका, एकेक बी चिरून गर काढावा लागतो आणि सालातला चीक इतका जहाल की हाताची कातडी सोलवटते.

घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने, पंचवीस जणांची बस न सांगता भर दुपारी हायवेवरच्या फिश थाळीवाल्याकडे थांबते, तिथे मग डाळ-भातच मिळणार ना. आदल्या रात्री फोन करून व्हेज किती, नॉनव्हेज किती ते सांगा, भांडी वेगळी हवी असतील तर तेही तेव्हाच विचारून घ्या, काही घरांत तर फक्त शाकाहारीच रांधतात.